उपासाला चालणारं फळ

गायकवाडबाईंच्या दाराची बेल वाजवली की "कोण आहे?" असा प्रश्न येत नसे. आतून खणखणीत आवाजात "बोला!" एवढंच यायचं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, ट्रंक कॉल जोडून देण्यात गेलेली. दूधवाला नवीन असला तर त्या आवाजाने दचकून एक पायरी खाली उतरायचा. जिन्यात कुणी गप्पा मारत उभं असलं की "लाइन मोकळी करा" म्हणत बाई सरळ मधून निघून जात. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, अगदी शेवटपर्यंत 'म्हात्रे'च म्हणाल्या, ऑफिसातल्यासारखं.

"नोकरीभर गोड बोलले, म्हात्रे," त्या म्हणत. "गिऱ्हाईक आईबहीण काढायचं आणि मी म्हणायची, प्लीज होल्ड करा. तो सगळा राग आत पडून आहे. आता वापरतेय."

उंच, काटक बाई. सुती साडी, खांद्यावर पिन, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बिल्डिंगमधले लोक समोर "बाई, बाई" करत आणि पाठ वळली की "फार तापट आहे हो" म्हणत. तापट होत्याच. पण ही बाई का तापते, हा प्रश्न त्या चार मजल्यांत एकालाही पडला नाही, आणि त्याचा मला आज इतक्या वर्षांनीही संताप येतो.

नवरा गेल्यावर उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधली जुनी खोली विकून त्या बदलापुरात, सोनिवलीच्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. लेक नागपूरला, त्यामुळे घरात एकट्याच. आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर. ती बिल्डिंग उभी राहिली ती जमीन एके काळी आमच्या भावकीची. माझ्या सासूबाईंनी तिथे भात लावलेला. त्यामुळे सासूबाई तिसऱ्या मजल्यालासुद्धा 'आमचं शेत'च म्हणायच्या.

बाईंच्या दारावर पितळेची पाटी होती. नाव, आणि नावाच्या वर कोरलेलं धम्मचक्र. पहिल्या आठवड्यातच सगळ्या बिल्डिंगने येता-जाता ती पाटी वाचून घेतली. त्यानंतर कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. सगळे फार चांगले वागले. पाणी आलं का विचारत, सिलिंडर वर चढवून देत, दिवाळीला फराळाचं ताट पाठवत. फक्त त्यांच्या घरात कुणी काही तोंडात घालत नसे. बाई चहा विचारायच्या. सेक्रेटरी दळवींच्या मिसेस म्हणायच्या, "अय्या, आत्ताच झाला!" चौथ्या मजल्यावरच्या काकूंना ॲसिडिटी. आणि ज्याला ऐन वेळी काहीच सुचायचं नाही त्याला उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आमच्याइतकी धार्मिक बिल्डिंग बदलापुरात दुसरी नसेल. गायकवाडबाईंच्या दारात आलं की नास्तिकालाही उपास आठवायचा. माझ्या सासूबाई चहा विचारायची वेळच येऊ देत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलत आणि बाहेरूनच निघत. मी जायची, बसायची, चहा प्यायची. सासूबाईंना ते ठाऊक होतं. मी खाली आले की त्या तोंड फिरवून तांदूळ निवडत बसायच्या.

एकदा मी बाईंना म्हटलं, "जाऊ द्या ना. लक्ष नका देऊ." तर त्यांनी मला ऑफिसातल्या माठाची गोष्ट सांगितली.

ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डांच्या खोलीबाहेर पाण्याचा माठ होता. बाई नवीन असताना माठाकडे गेल्या की कुणीतरी लगबगीने उठायचं. "थांबा हं, मी देते." एकजण पाणी काढायची, बाईंच्या पेल्यात वरून ओतायची, हसायची. "मला वाटायचं, किती जीव लावतात या बायका," बाई म्हणाल्या. "कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं, म्हात्रे. मग एक नवी मुलगी लागली. त्यांच्यातली. ती तहानलेली आली, स्वतःच डाव बुडवला, पाणी प्याली. तिच्यासाठी कुणी उठलंच नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला."

"मग?"

"मग काय! बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला माठात. बांगड्यांसकट. चांगला ढवळला. म्हटलं, आता द्या हो कुणीतरी मला पाणी."

दुसऱ्या दिवशी माठ फुटला होता. कसा, ते कुणाला माहीत नव्हतं. आठवडाभरात तिथे नळवाला स्टीलचा फिल्टर आला आणि साहेबांनी आधुनिकीकरणाचं भाषण केलं. हे सांगताना बाई हसत नव्हत्या. मलाही हसू आलं नाही.

अननसांचं खूळ त्यांच्या डोक्यात कधी शिरलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. शनिवारी त्या जुन्या वस्तीत, कॅम्प पाचला जायच्या. तिथे लछू नावाच्या सिंधी माणसाचं फळांच्या रसाचं दुकान. तो अननसाचा शेंडा सुऱ्याच्या एका घावात उडवायचा आणि मागच्या ढिगात फेकायचा. एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर होते. बाई त्या ढिगापाशी उभ्या राहून त्याला झापत होत्या.

"काटना नहीं लछू, कितनी बार बोली! पकड़ के मुरगाळ. ऐसा. मुळापासून निघाला पाहिजे."

"अदी," लछू सिंधीतली ताई म्हणत हात जोडून म्हणाला, "ये तो गाय भी नहीं खाती. आप क्या करेंगी इसका?"

"तुझ्या डोक्यावर लावीन."

गिऱ्हाइकं खोळंबली होती. लछूने निमूटपणे पुढचा अननस उचलला, बगलेत धरला आणि शेंडा पिळून काढला. खालचा गर न तुटता शेंडा अख्खा सुटून आला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता पिशवीत टाकला. ही त्यांची शाबासकी.

सुरुवातीला सगळं कुजलं. कापलेल्या शेंड्यांना चिकटलेला गर न काढताच त्यांनी ते मातीत खोचले. चिलटं झाली, वास सुटला. मग खालची पानं सोलायला शिकल्या. ती सोलली की आत बारीक तपकिरी फुगवटे दिसतात, तीच पुढची मुळं. शेंडा सावलीत उलटा ठेवून वाळवायचा आणि मग भुसभुशीत, रेताड मातीत लावायचा. अंबरनाथच्या कारखान्यांतून निघणारे निळे प्लॅस्टिकचे ड्रम त्यांनी अर्धे कापून आणले, पुन्हा पुन्हा धुतले, खाली भोकं पाडली आणि गच्चीच्या कडेला ओळीने मांडले. तरी काही झाडं मेली. मेलेल्या झाडालाही त्या बोलायच्या, "नोकरी करायची नव्हती तर आलास कशाला?" जगलेल्यांना तलवारीसारखी लांब, काटेरी पानं फुटली. बाईंच्या हातांवर कायम ओरखडे असत.

गच्चीवर नळ होता. तरी बाई रोज संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातून बादली भरून वर नेत. गुडघे धड नव्हते, बादली जिन्यात हिंदकळायची. मी एकदा बादली हातातून घेतली आणि वैतागून म्हटलं, "अहो बाई, वर नळ आहे की!"

त्या पायरीवर थांबल्या. दम लागला होता.

"म्हात्रे, अननस उपासाला चालतो ना?"

"चालतो. फळच आहे."

"आणि फळाला विटाळ नाही, असं तुमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात. शिजवलेलं नको, पाणी नको, पण झाडावरचं फळ चालतं. बरोबर?"

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"मग झालं तर. फळ धरू दे. एकादशी बघून सगळ्यांना घरी बोलावते. आत्ताच झाला म्हणता येणार नाही, उपास म्हणता येणार नाही. माझ्या घरात बसून, माझ्या ताटलीत खातील. आणि खाऊन झालं की सांगीन, दोन वर्षं हे फळ कुठल्या पाण्यावर वाढलंय ते. बाजारचं आणून दिलं तर ती बाजाराची वस्तू झाली. हे माझ्या पिंपातल्या पाण्याचं पाहिजे. आता कळलं? आण ती बादली इकडे."

मला वाटलं होतं, एकट्या बाईने मन रमवायला झाडं लावली. छे. ती बाई दोन वर्षं रोज बादली चढवत होती ती लोकांची सबब हिरावून घ्यायला. शेजाऱ्याने आपल्या घरी येऊन एक फोड खावी, यासाठी माणसाला एवढं करावं लागतं. कुणाचा राग यावा अशा वेळी?

झाडं मोठी झाली तसा सोसायटीला त्यांचा त्रास होऊ लागला. याला निमित्त माझ्या सासूबाईच ठरल्या. गच्चीवर सांडगे वाळत घालायला गेल्या आणि ती पानं बघून म्हणाल्या, "केवर्‍यासारका झार हाय गो. केवर्‍याचे बनान नाग रेतान." त्या सहज बोलल्या. पण दळवींना तेवढंच हवं होतं. त्यांनी राईचा पर्वत केला, मीटिंग लावली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. विषय : गच्चीवरील झाडांमुळे सर्पभय.

गायकवाडबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या.

"साप कुणी पाहिला?" त्यांनी विचारलं.

"पाहिला असं नाही," दळवी म्हणाले, "पण येऊ शकतो. लहान मुलं आहेत. आपण प्रिकॉशन म्हणून..."

"चार मजले चढून?"

"पाइपावरून येतात म्हणे."

"बरं. साप आला तर आधी माझ्याकडे पाठवा. मी त्याला चहा विचारीन. तो तरी उपास आहे म्हणणार नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. दळवींचा चेहरा पडला. "बाई, विषय कुठून कुठे नेताय तुम्ही," ते म्हणाले.

"मी नाही नेला. विषय तिथेच आहे. तुम्ही त्याला साप म्हणताय, एवढंच."

ठराव झाला नाही. झाडं राहिली. पण तेव्हापासून मुलांना गच्चीवर पाठवणं बंद झालं आणि बाईंचा उल्लेख करताना लोक आवाज थोडा आणखी खाली आणू लागले.

त्या हिवाळ्यात एका झाडाच्या मधोमध लालसर गोंडा दिसला. मग त्यावर बारीक जांभळी फुलं. बाईंनी मला हाताला धरून वर नेलं. त्या दिवशी त्या कुणावरच ओरडल्या नाहीत, अगदी कचरेवाल्यावरसुद्धा. पाठोपाठ आणखी दोन झाडं धरली. फळं बाजारातल्यापेक्षा लहान, पण उन्हाळ्यात पहिलं फळ पिवळं पडू लागलं तसा जिन्यापर्यंत वास यायला लागला. बाईंनी कॅलेंडरवर एकादशी पाहून ठेवली. नव्या ताटल्या आणल्या, काचेच्या. ट्रंकेतले जुने पडदे काढून धुऊन लावले. मला म्हणाल्या, "तुझ्या सासूला खुर्चीत बसवीन. तिला खाली बसता येत नाही ना आता." इतक्या बारकाईने त्यांनी ठरवलं होतं.

एकादशीच्या आधी महाराष्ट्र दिन आला. दरवर्षी त्या दिवशी सोसायटीचा सत्यनारायण असायचा. बाई त्या दिवशी कॅम्प पाचला जुन्या शेजारणीकडे गेल्या होत्या. पूजेला पाच फळं लागतात. चारच आली होती. पाचव्याची आठवण गुरुजी येऊन बसल्यावर झाली आणि दळवींच्या मिसेसना गच्ची आठवली. गच्ची सोसायटीची, म्हणजे फळ सोसायटीचं. सापाची भीती त्या दिवशी कुणाला वाटली नाही. अननस खाली आला, चौरंगावर बसला आणि आरती झाल्यावर बारीक चिरून शिऱ्यात गेला.

मला सुट्टी नव्हती, कामावरून आले तेव्हा पार्किंगमध्ये द्रोण वाटणं चालू होतं. माझ्या मागोमाग बाई रिक्षातून उतरल्या. दळवींच्या मिसेस द्रोण घेऊन पुढे झाल्या.

"घ्या, बाई, प्रसाद! तुमच्याच अननसाचा. काय गोड निघालाय! देवाच्या कामी आला, भाग्य लागतं हो."

बाईंनी द्रोणाकडे पाहिलं. नंतर गच्चीकडे. मला वाटलं, आता ही बाई पार्किंगचं छप्पर उडवणार. पण आवाज निघाला तो मऊ, मधाळ, मी कधीच न ऐकलेला. नोकरीतला असावा.

"सगळ्यांनी घेतला ना प्रसाद?"

"हो हो, सगळ्यांनी."

"काकूंनीही? ॲसिडिटी नाही ना झाली?"

"नाही, छान झालाय," काकू म्हणाल्या.

"बरं झालं. मग आता ऐका. या झाडाला मी गच्चीच्या नळाचा थेंब घातलेला नाही. माझ्या घरच्या पिंपातलं पाणी घातलंय. ज्या पाण्याचा चहा तुम्हाला चालत नाही, तेच. दोन वर्षं फळाने प्यायलं, आज तुम्ही."

घास घेतलेल्यांचे हात जागच्या जागी राहिले. एका बाईने द्रोण हळूच खुर्चीखाली सरकवला. तो सरकवतानाचा तिचा हात मी पाहिला आणि माझ्या अंगाची लाही झाली. बाईंनीही तो पाहिला होता.

दळवी उठले. "बाई, उगाच गैरसमज नको. आम्ही तसलं काही मानत नाही."

"मग चला वर. आत्ता. सगळे चला. चहा टाकते."

"आत्ता... म्हणजे आज उपास..." दळवी म्हणाले. जिभेला सवयच लागली होती. त्यांच्या हातात शिऱ्याचा द्रोण होता.

"खा," बाई म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. कुणी वाट अडवली नव्हती, तरी म्हणाल्या, "लाइन मोकळी करा."

माझ्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आपला द्रोण चाटूनपुसून संपवला. घरी आल्यावर त्या तांदूळ निवडायला बसल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "प्वाटान त गेला. आता र्‍हायला काय?"

मला वाटलं होतं, बाई आता बाकीची झाडं उपटून टाकतील. त्यांनी तसं काही केलं नाही. बादल्या चालूच राहिल्या. दुसरं फळ पिकलं, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी त्या एकेका दारावर गेल्या. "उद्या माझ्याकडे या. फळ आहे. उपासाला चालतं." कुणी "नक्की" म्हणालं, कुणी "बघते". नाही कुणीच म्हणालं नाही. खोटं बोलायचं तर तेही धड बोलायची हिंमत नव्हती या लोकांत.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. अननस कापून झाला होता. काचेच्या ताटल्या मांडलेल्या, खुर्ची सासूबाईंसाठी खिडकीजवळ. मी ताटलीला हात लावला तर बाईंनी माझा हात बाजूला केला. "तू मोजणीत नाहीस, म्हात्रे. तू येतेसच."

दुपार सरली. समोरच्या दाराची आतली कडी लागल्याचा आवाज आला. कुठेतरी टीव्ही मोठा झाला. जिन्यातून पावलं यायची आणि या मजल्यावर पोचली की जरा भरभर व्हायची. बाई दर वेळी दाराकडे बघायच्या. शेवटी त्या उठल्या, एक ताटली घेतली, खुर्ची उचलून बाहेर आणली आणि जिन्याच्या बरोबर मधल्या वळणावर मांडून बसल्या. तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यासमोरूनच जावं लागणार होतं. एकेक फोड उचलून त्या खाऊ लागल्या. रस कोपरापर्यंत ओघळत होता. दळवी आले, खाली मान घालून भिंतीला घासत वर गेले. चौथ्या मजल्यावरच्या काकू अर्ध्यातून परत फिरल्या. बाई कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मी दारात उभी होते आणि मला या सगळ्या बिल्डिंगला आग लावावीशी वाटत होती.

मग खालून सासूबाई आल्या. सोनिवलीच्या देवळातून परतत होत्या, हातात पिशवी. आमचा मजला मागे टाकून त्या वर का आल्या, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत त्या बाईंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय खातंस गो?"

"अननस."

सासूबाईंनी हात पुढे केला. "दे एक फोर."

दोन वर्षं ज्यासाठी बादल्या चढवल्या, ते समोर हात पसरून उभं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

सासूबाईंचा हात तसाच राहिला.

"जिन्यात नाही देणार," बाई म्हणाल्या. आवाज चढला, चिरकला. "माझ्या आईला लोकांनी आयुष्यभर दाराबाहेर दिलं. वरून दिलं. मी कुणाला बाहेर देणार नाही, आणि कुणाकडून बाहेर घेणार नाही. खायचं तर घरात यायचं. पाटी वाचून यायचं."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वर कुठेतरी दार किलकिलं झालं. म्हातारीने हात मागे घेतला, पदराने तोंड पुसलं.

"मला काय वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "ऊट. गुरघं दुखतान माजं, मला बसाला पायजे."

आणि बाईंची वाट न पाहता माझ्या बाजूने त्या आत गेल्या. उंबरा ओलांडताना क्षणभर थांबल्या, चौकटीला हात लावला आणि गेल्या. मागून बाई खुर्ची घेऊन आल्या, खिडकीजवळ मांडली. सासूबाई बसल्या. बाईंनी समोर ताटली ठेवली. सासूबाईंनी ताटली बाजूला सरकवली.

"आदी पानी दे, बाय. तहान लागलीय."

त्यानंतर महिन्याभरात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अंबरनाथला राहायला गेलो. सामान हलवण्याच्या गडबडीत बाईंशी नीट बोलणंही झालं नाही. त्यामुळे गायकवाडबाई म्हटलं की मला त्या त्याच एकादशीच्या दुपारच्या दिसतात. त्यांनी पिंपाचं झाकण काढलं, पेला बुडवला. पाणी साडीवर सांडलं. पेला सासूबाईंच्या हातात दिला आणि सासूबाई पिऊ लागल्या, सावकाश, घोट घोट. मला वाटलं, आता बाई रडतील. म्हणून आडोसा व्हावा असं वाटून मी दार लोटायला गेले.

"म्हात्रे!" त्या ओरडल्या. पार पार्किंगपर्यंत गेला असेल तो आवाज. "दाराला हात लावू नकोस. सताड उघड. ती पाणी पितेय, सगळ्यांना दिसू दे!"